टीबी नसताना टीबीच्या गोळ्या? एआरटीवर असलेल्यांसाठी, माझ्या चुकीसकट

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात बायकोला एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून, टीबी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. आठवड्यातून एकदा, एका वेळी तीन, असे बारा आठवडे. घरी आल्यावर तिनं पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "घेऊ ना?"

तिला हे विचारावं लागलं ते माझ्यामुळे. २०१८ साली मलाही अशाच गोळ्या दिल्या होत्या. तेव्हा आयएनएच होती, म्हणजे आयसोनियाझिड. रोज एक, सोबत बी सिक्सची गोळी, सहा महिने. मी एकविसाव्या दिवशी बंद केली. त्याचं पुढे काय झालं ते आपल्या या मंचावर कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितोय.

आम्ही दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह. मी २०१३ पासून एआरटीवर. सुरू केली तेव्हा सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, १८० होता, २०१८ पर्यंत पाचशेच्या वर गेला. वजन ६४ किलो, कामावर रोज जात होतो. अशा वेळी कुणी टीबीची गोळी हातात ठेवली की डोक्यात एकच येतं: मला खोकला नाही, ताप नाही, मग ही कशाला? काउन्सेलर ताईंनी समजावलं होतं, नाही असं नाही. पण बाहेर चाळीस माणसं रांगेत होती आणि मलाही एसटी गाठायची होती.

गोळ्या बंद करायचं कारण मात्र वेगळंच घडलं. पट्टी खिशात होती, गावातल्या मेडिकलमध्ये पैसे काढताना काउंटरवर पडली. त्यानं उचलून वाचली आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "ही टीबीची गोळी, घरात कुणाला झालाय?" संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन. घरी मी पाच वर्षं सांगत आलो होतो की माझ्या गोळ्या रक्तवाढीच्या आहेत. टीबीवरून विषय निघाला असता तर पुढचंही उघडं पडलं असतं. त्या रात्री उरलेल्या पट्ट्या शेगडीत टाकल्या. पुढच्या महिन्यात सेंटरवर विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" म्हटलं, "हो." सहा महिने "हो" म्हणत राहिलो. त्यांच्या रजिस्टरात माझा कोर्स पूर्ण झालेला आहे.

२०२० च्या जानेवारीत मानेला गाठ आली. संध्याकाळचा बारीक ताप, अंथरूण भिजेल इतका घाम. एका खासगी डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, गाठ वाढतच गेली. शेवटी सुई घालून पाणी काढलं, सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधायची तपासणी केली, त्यात टीबी निघाला. तोवर वजन ५३ वर आलं होतं. रोज चार गोळ्या, सहा महिने. पहिले दोन महिने तर गोळ्या समोर दिसल्या तरी मळमळायचं. उपचार सुरू होऊन तीन आठवडे होतायत तोच लॉकडाऊन लागला. काम बंद, आणि दर महिन्याला औषधासाठी पोलिसांना कागद दाखवत जायचं.

जी एक गोळी मी टाळली, तीच आयसोनियाझिड त्या चार गोळ्यांमध्येही होती, आणखी तीन औषधांबरोबर.

तेव्हापासून मिळेल ते वाचत, विचारत आलोय. मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही: टीबीचा जंतू शरीरात शिरला तरी बहुतेकांना आजार होत नाही, तो आत दबून राहतो. एचआयव्ही नसलेल्या माणसाला त्यातून आजार होण्याची शक्यता साधारण दहात एक, तीही सगळ्या आयुष्यात मिळून. एचआयव्ही असेल आणि एआरटी नसेल, तर जवळपास तेवढाच धोका एकेका वर्षाला. एआरटीनं तो पुष्कळ खाली येतो, पण इतरांइतका खाली येत नाही. माझा सीडी फोर पाचशेवर होता तरी मला झाला.

बायकोनं गोळ्या सुरू केल्यात. शुक्रवार ठरवलाय. इथं आपल्यापैकी किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती जणांनी सोडला आणि का, ते लिहा. नाव लिहायची गरज नाही.

अबोली

दादा, वाचून अंगावर काटा आला. शेगडीचं वाचताना थांबले, कारण मी उशीच्या अभ्र्यात लपवायची.

मी पूर्ण केल्या. पण चौथ्या महिन्यात पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, रात्री तळवे जळायचे. वाटलं एचआयव्हीच वाढला. मैत्रिणीनं विचारलं, "बी सिक्स घेतेस का?" मी ती घेतच नव्हते. व्हिटॅमिनची गोळी म्हणजे ताकदीची, घेतली नाही तरी चालतं असं मला वाटायचं. सेंटरवर सांगितल्यावर डॉक्टरांनी ती नेमाने घ्यायला लावली आणि महिन्याभरात मुंग्या कमी झाल्या. सगळ्यांना सांगते, ती छोटी गोळी शोभेची नाही.

गोदातीर

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर, सरकारी नोकरीत बरीच वर्षं काढली. कृष्णाकाठ, तुम्ही "हो" म्हणत राहिलात हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. असे "हो" आम्ही रोज ऐकतो. ते खरे आहेत की नाही हे कळण्याइतका वेळ पेशंटबरोबर बसत नाही, हा आमचा दोष आहे.

अबोली यांचं बरोबर आहे. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी सिक्स कमी पडतं आणि नसांना त्रास होतो. एचआयव्ही असलेल्यांमध्ये, गरोदर बाईमध्ये, मधुमेह्यांमध्ये आणि दारू पिणाऱ्यांमध्ये हा त्रास जास्त.

या औषधाची एक जुनी गोष्ट सांगतो. आयसोनियाझिड १९५२ मध्ये टीबीवर वापरात आलं. त्याच दशकाच्या अखेरीस जॉर्ज कॉमस्टॉक नावाच्या डॉक्टरनं अलास्कात, बेथेल भागातल्या वस्त्यांमध्ये, आजार नसलेल्या लोकांना ते देऊन पाहिलं. टीबीनं तिथं घरंच्या घरं पोखरली होती. गोळ्या घेतलेल्यांमध्ये टीबी खूप कमी झाला आणि तो फायदा १९ वर्षांनंतरही दिसत होता. कॉमस्टॉकनं स्वतः आणि त्याच्या घरच्यांनीही त्या गोळ्या घेतल्या होत्या. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण "डॉक्टर, तुम्ही घ्याल का ही?" असं मला पेशंटनी विचारलेलं आहे.

एचआयव्हीच्या बाबतीतला सगळ्यात मोलाचा पुरावा आयव्हरी कोस्टमधला. टेम्प्रानो नावाचा अभ्यास, दोन हजारांवर लोक. ज्यांचे सीडी फोर चांगले होते तेही त्यात होते. २०१७ मध्ये आलेल्या दीर्घकालीन निष्कर्षात असं दिसलं की सहा महिने आयसोनियाझिड घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी होतं, आणि हा फायदा एआरटीच्या फायद्याहून वेगळा, वरचा होता. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एआरटीवर असलेल्यांना बारा महिने आयसोनियाझिड दिलं, तेव्हाही टीबी ३७ टक्क्यांनी कमी झाला. आकडा तोच, पण पहिला मृत्यूंचा आहे आणि दुसरा आजाराचा.

पांथस्थ

डॉक्टर, तुमचा आदर राखून विचारतो. मी पॉझिटिव्ह नाही, माझा धाकटा भाऊ आहे, म्हणून जिवापाड प्रश्न आहे. एकच औषध सहा महिने दिलं तर जंतू त्याला सरावणार नाही का? पुढे खरंच टीबी झाला तर ते औषध वाया गेलेलं असेल. दुसरं म्हणजे दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीतल्या कामगारांना या गोळ्या दिल्या आणि काही उपयोग झाला नाही असं वाचलंय. आणि आपल्याकडे तर टीबी बसमध्ये आहे, चाळीत आहे. सहा महिन्यांनी पुन्हा लागण झाली तर?

गोदातीर

तिन्ही प्रश्न रास्त आहेत.

औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात ते मुख्यतः आजार चालू असताना, जेव्हा फुप्फुसात जंतूंची संख्या प्रचंड असते आणि औषध एकटंच दिलं जातं. दबून असलेल्या जंतूंची संख्या त्या मानानं फारच थोडी. म्हणून सगळा भर एका गोष्टीवर असतो: गोळ्या सुरू करायच्या आधी टीबी नाही याची खात्री. चार प्रश्न विचारतात. सध्या खोकला आहे का, ताप, वजन घटतंय का, रात्री घाम येतो का. चारपैकी एकालाही "हो" असेल तर प्रतिबंधाच्या गोळ्या थांबवायच्या आणि थुंकी, एक्स-रे, सीबीनॅट आधी करायचं. तुमच्या भावाला हे प्रश्न विचारले नसतील तर त्यानं स्वतःहून उत्तरं द्यावीत. खोकला लपवून या गोळ्या घेणं हाच खरा धोका आहे. कातडीवरची ट्यूबरक्युलीन चाचणी मात्र एचआयव्ही असलेल्यांना सक्तीची नाही, तिच्यासाठी कोर्स अडवून ठेवू नये.

खाणीचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. थिबेला नावाचा तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. तिथं एचआयव्ही असो नसो, खाणीतल्या सगळ्यांनाच नऊ महिने गोळ्या देऊन खाणीतला टीबी आटोक्यात येतो का ते पाहिलं. गोळ्या चालू होत्या तोवर घेणाऱ्याला संरक्षण मिळालं, बंद केल्यावर ते लवकरच ओसरलं. सिलिकाची धूळ, दाटीवाटीनं राहणं आणि सतत नवी लागण, अशा जागेत गोळी एकटी पुरी पडत नाही. हे मान्य करायलाच हवं.

पुन्हा लागणीबद्दल. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन संस्थेनं आपल्याच देशातल्या एचआयव्ही असलेल्या लोकांमध्ये आयसोनियाझिड आणि इथॅम्ब्युटॉल या दोन औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स आणि ३६ महिन्यांचं नुसतं आयसोनियाझिड यांची तुलना केली होती. दोन्हींत फार फरक दिसला नाही. पुढे दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि मोझांबिकमध्ये एआरटीवर असलेल्यांना बारा आठवड्यांचा कोर्स एकदाच द्यावा की दरवर्षी, हे तपासलं. दरवर्षी देऊन जास्तीचा फायदा झाला नाही. पण ते लोक एआरटी नीट घेत होते. एआरटी सुटली तर हे सगळे हिशेबच बदलतात.

पांथस्थ

धन्यवाद डॉक्टर. भावाला सकाळी थोडा खोकला असतो, तो सिगारेटचा म्हणतो. आज रात्री बोलतो त्याच्याशी.

बालाघाट

मी काउन्सेलर. बीड जिल्ह्यात होते, आता दुसरीकडे. कृष्णाकाठ यांच्या काउन्सेलर ताईंच्या बाजूनं नाही, पण त्या रांगेच्या बाजूनं लिहिते.

आमच्याकडे सहा महिन्यांच्या कोर्सचं गणित ऊसतोडीत मोडायचं. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. परत यायचे ते पाडव्याच्या आसपास. ऑगस्टमध्ये गोळ्या सुरू केल्या की तिसऱ्या महिन्यात माणूस फडात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा केला की कोयत्याचे, म्हणजे नवरा-बायको दोघांचे पैसे कापले जातात. अशा वेळी "जवळच्या सेंटरला जाऊन औषध घ्या" म्हणणं सोपं असतं. पहाटे चारला फडात जाणारी बाई दुपारी दोनला बंद होणाऱ्या ओपीडीत कशी पोचणार?

माझी एक बाई होती, तिशीतली, नवरा गेलेला, भावकीतल्या जोडीदाराबरोबर कोयता धरायची. एआरटीच्या गोळ्या तिनं पाचटाच्या कोपीत, पिठाच्या डब्यात सांभाळल्या, एक दिवस चुकवला नाही. आयएनएच मात्र संपली ती संपलीच. परत आली तेव्हा माझ्यापुढे रिकामी पट्टी ठेवून म्हणाली, "ताई, तिकडं मागितली तर म्हणले तुमच्याच सेंटरला मिळल." एआरटीची ट्रान्सफर चिठ्ठी मी दिली होती. त्यावर आयएनएचचं लिहायचं राहिलं होतं. ती चूक माझ्या हातची आहे आणि अजून आठवते.

म्हणून बारा आठवड्यांचा कोर्स आला तेव्हा मला हायसं वाटलं. आषाढात सुरू केला की दसऱ्याच्या आत संपतो, बाई फडात निघायच्या आधी. वार लक्षात राहायला आम्ही आठवडी बाजाराचा दिवस धरायचो. बाजाराचा दिवस कुणी विसरत नाही. जेवण झाल्यावर तीन गोळ्या. पोटात अन्न असलं की त्या गोळ्यांतलं रिफापेंटिन हे औषध चांगलं लागू पडतं.

काउन्सेलिंगमध्ये कमी पडतं असं एक वाक्य आहे: "न घेतल्या तर खरं सांगा, मी रागावणार नाही." पुढे मी ते पहिल्याच दिवशी म्हणायला लागले. आश्चर्य वाटेल, पण निम्मे खोटे "हो" त्यानंच बंद झाले.

अबोली

बालाघाट ताई, पिठाचा डबा वाचून रडू आलं.

एक विचारायचंय. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी लघवी लाल होते असं बहीण सांगत होती, ती घाबरून दोन आठवड्यांतच सोडायला निघालीये. आणि ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते, त्या चालतात का सोबत?

गोदातीर

लघवी, घाम, अश्रू नारिंगी-तांबूस होतात. रिफापेंटिनचा रंग आहे तो, रक्त नाही. बहिणीला आजच सांगा.

पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं मात्र महत्त्वाचं आहे. रिफापेंटिनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो. कोर्स चालू असताना आणि नंतर महिनाभर तरी निरोध वापरावा, किंवा तांबी बसवून घ्यावी. गरोदर असेल तर बारा आठवड्यांचा कोर्स द्यायचा नाही, डॉक्टर दुसरा पर्याय ठरवतील.

एआरटीचंही बघावं लागतं. सध्या बहुतेक जण टीएलडीवर आहेत, म्हणजे डोल्यूटेग्राविर असलेल्या गोळीवर. तिच्यासोबत हा आठवड्याचा कोर्स डोस न बदलता चालतो. एफाविरेन्झसोबतही चालतो. पण जे दुसऱ्या फळीच्या औषधांवर आहेत, अटाझानाविर किंवा लोपिनाविर घेतात, त्यांना रिफापेंटिन द्यायचं नाही. त्यांच्यासाठी आयसोनियाझिडच. म्हणून एका सेंटरवर शेजारच्या माणसाला तीन महिन्यांच्या आणि तुम्हाला सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या तर त्यात भेदभाव नाही.

हे दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी सेंटर गाठा: डोळे पिवळे, गडद लघवीसोबत भूक मेलेली, सतत उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं. ही यकृताची लक्षणं. कावीळ चालू असेल तर कोर्स सुरूच करत नाहीत. दारूबद्दल स्पष्ट सांगतो, या तीन महिन्यांत एक थेंबही नको.

मृणाल_ठाणे

फार्मासिस्ट आहे. काउंटरवर पट्टी वाचून चारचौघांत विचारणाऱ्या माणसानं आमच्या कामाला कमीपणा आणला. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. टीबीचं औषध वाचून ओरडणं त्या कायद्यात थेट बसेल की नाही हा वेगळा विषय, पण कुणाच्या हातातलं औषध मोठ्यानं वाचायचं नसतं हे शिकायला कायदा लागू नये.

रिफापेंटिनबद्दल थोडं. २०१९ पर्यंत एका कोर्सला सुमारे ४५ डॉलर पडायचे. वाटाघाटींनंतर तो १५ डॉलरवर आला. पुढे आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, ३०० आणि ३०० मिलिग्रॅम, एकाच गोळीत आलं. रिफापेंटिन बनवणाऱ्यांत मॅक्लिऑड्स आणि ल्युपिन या दोन्ही मुंबईच्याच कंपन्या. कृष्णाकाठ यांच्या पत्नी दर शुक्रवारी ज्या तीन गोळ्या घेतात त्या याच प्रकारच्या असाव्यात. आधी सुट्या गोळ्यांची मूठभर संख्या व्हायची.

पट्टीतून गोळ्या काढून डबीत भरू नका. ठेवायची अडचण असेल तर पट्टी कात्रीनं कापून त्या आठवड्याचाच तुकडा घरात ठेवा, बाकीचा विश्वासाच्या माणसाकडे.

नवी_वाट

दोन महिने झाले कळून. इथं पहिल्यांदाच लिहितोय. सीडी फोर ९० आलाय. एआरटी सुरू झाली. मला या गोळ्यांबद्दल कुणीच काही बोललं नाही. म्हणजे माझं प्रकरण फार पुढे गेलंय म्हणून देत नाहीत का? मला विचारायला भीती वाटते.

गोदातीर

नाही, तसं अजिबात नाही. सीडी फोर कमी असेल तर या गोळ्यांची गरज जास्तच असते. पण त्याच वेळी शरीरात टीबी लपून बसलेला असण्याची शक्यताही जास्त, आणि खोकला न येता. म्हणून डॉक्टर आधी तो शोधतात. एक्स-रे झाला का? लघवीतून टीबी शोधायची एक सोपी तपासणी आहे, लॅम म्हणतात, ती कमी सीडी फोर असलेल्यांसाठी खास उपयोगाची. या तपासण्या निगेटिव्ह आल्या की गोळ्यांचा विषय निघायलाच हवा. निघाला नाही तर तुम्ही काढा. "टीबी प्रिव्हेन्टिव्ह मला कधी मिळणार?" एवढं वाक्य पुरे.

बालाघाट

नवी_वाट, बाळा, १०९७ हा एड्सचा टोल फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. आधी तिथं बोललास तरी चालेल. पण सेंटरवर विचारच. विचारणारा पेशंट आम्हाला जड होत नाही.

पांथस्थ

भावाची थुंकी दिली आज. रिपोर्ट येईपर्यंत त्याच्या गोळ्या थांबवल्यात सेंटरच्या डॉक्टरांनी. चारही प्रश्न त्यांनी मागच्या वेळी विचारले होते, त्यानंच "नाही" सांगितलं होतं.

कृष्णाकाठ

पांथस्थ, रिपोर्टचं इथं कळवा. त्याला रागावू नका.

मीही मागच्या आठवड्यात सेंटरवर काउन्सेलर ताईंना भेटलो. २०१८ च्या रजिस्टरातला माझा कोर्स खोटा आहे हे सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं काही म्हटलं नाही, मग पाणी दिलं. टीबीचा उपचार पूर्ण झालेल्यांनाही पुन्हा होऊ नये म्हणून हा कोर्स देतात, मला कुणी दिला नव्हता, कारण कागदोपत्री माझा झालेला होता. रक्त तपासायला घेतलंय. यकृत ठीक निघालं तर माझाही शुक्रवारच ठरवणार, दोघांचा एकच दिवस. भावाला अजून सांगितलेलं नाही. वहिनीला सांगितलं, पट्ट्या तिच्या कपाटात राहतील.

नवी_वाट, तू लिहिण्यावरून आमच्याच भागातला वाटतोस. मला निरोप पाठव. सोमवारी मी रजा टाकलीय, रिपोर्ट आणायचेत. तुझं सेंटर माझंच असेल तर सकाळी नऊला गेटपाशी थांबतो. दुसरं असेल तर तिकडं येतो.

नवी_वाट

निरोप पाठवलाय दादा.